संगणकांची निकाली कुस्ती

भोरमध्ये अजून कुणी ना कुणी भेटतंच आणि विचारतं, मॅडम, ती मशीनची कुस्ती तुम्हीच ठेवली होती ना? भाजी घेताना विचारतात, बँकेत विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. हो, मीच ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ती कल्पना माझी नव्हती, एवढं तरी लोकांनी लक्षात ठेवावं अशी माझी अपेक्षा आहे, आणि ती काही पुरी होत नाही.

मी इथल्या कॉलेजात संगणक शिकवते. नवरा पुण्यात नोकरीला, लेक पाचवीपासून त्याच्याजवळ, तिकडच्या शाळेत. मी इथं, कारण नोकरी इथं आणि सासूबाई इथं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि पुण्याच्या दोन खोल्यांत यायला त्या तयार नव्हत्या. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही हं. सगळ्यांनी मिळून, चहा पीत, शांतपणे ठरवलं की मी इथं राहायचं. मग दर शनिवारी दुपारी नणंद सासूबाईंजवळ यायची, मी स्वारगेटची एसटी धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत. लेक लहान होती तेव्हा फोनवर रडत विचारायची, आई, कधी येणार? मी म्हणायचे, शनिवारी येते. मोठी झाली तसं तिनं विचारायचं सोडलं. मी मात्र फोन ठेवताना तेच म्हणत राहिले.

फोनवर बोलायला तिच्याकडे काही नसायचं. जेवलीस का? हं. अभ्यास? हं. डोकं फिरायचं माझं. त्याच सुमारास मला इंटरनेटवर गो हा खेळ सापडला. आडव्याउभ्या रेघांचा पट, एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. आळीपाळीनं एकेक ठेवत जायची, आपलं कुंपण घालायचं, समोरच्याच्या सोंगट्या चारी बाजूंनी कोंडल्या की उचलायच्या, आणि शेवटी जास्त जागा ज्याची तो जिंकला. एवढंच. आम्ही दोघी तो शिकलो. रोज संध्याकाळी आठला ती पुण्यात आणि मी भोरमध्ये पट उघडायचो. बोलणं नाही, पण ती कुठं सोंगटी ठेवते त्यावरून मला तिचा दिवस कळायचा. वर्गात कुणाशी बिनसलेलं असलं की सरळ माझ्या कुंपणात घुसायची, बरं नसलं की कोपरा धरून बसायची. इतर आया मुलींच्या वेण्या घालतात, मी हे केलं. नववीत गेली तेव्हा तिनं मला पहिल्यांदा हरवलं, आणि पुढे मी जिंकायचं जवळजवळ विसरलेच.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. दिवसकार्य झालं, नणंद परत गेली आणि घरात मी एकटी उरले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आता मला इथं नोकरीखेरीज काहीच बांधून ठेवत नाही. मी पुण्यातल्या एका संस्थेत अर्ज केला, मुलाखत दिली, आणि काय आश्चर्य, निवड झाली. लेक तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे अजून दोन वर्षं ती त्या घरात असणार, मग नोकरी, मग कुठलं बंगलोर नाहीतर परदेश, आणि संपलंच. मला ती दोन वर्षं हवी होती. सकाळी तिला उठ म्हणून ओरडायचं होतं, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून भांडायचं होतं. दुसरं काही नको होतं मला.

तिकडे रुजू व्हायचं तर इथून कार्यमुक्त व्हायला हवं, आणि ते प्राचार्यांच्या हातात. सर वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर भांडून मोकळी झाले असते. मी कार्यमुक्ती मागितली तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, अभिनंदन केलं आणि म्हणाले, जा की, जरूर जा, फक्त कॉलेजच्या मूल्यांकनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी मोठं व्हायला पाहिजे, तेवढं करून जा. काहीतरी म्हणजे काय, तर स्पर्धा. कसली, तर ते तुम्हीच ठरवा. मला येतं ते एकच. मी म्हटलं, गो खेळणाऱ्या प्रोग्रॅमची स्पर्धा घेऊ. माणसांनी खेळायचं नाही, ज्यानं त्यानं आपला प्रोग्रॅम लिहून आणायचा, आमच्या लॅबमधल्या मशीनवर चढवायचा, आणि प्रोग्रॅमनी एकमेकांशी खेळायचं. सरांना हे फार आवडलं, कारण त्यात लॅबमधल्या मशीनखेरीज काहीच लागत नव्हतं. स्पर्धेचा निकाल जाहीर झाला की त्याच संध्याकाळी सही करतो, असं त्यांनी मला वचन दिलं. पुण्याच्या संस्थेनं मला एकदा मुदत वाढवून दिली होती. दुसऱ्यांदा त्यांनी बजावलं की स्पर्धेनंतरच्या सोमवारी कार्यालय बंद व्हायच्या आत हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. स्पर्धा शनिवार-रविवार. म्हटलं, जमतंय.

स्वागताध्यक्ष कोण, तर हायवेवर दोन हॉटेलं असलेले एक गृहस्थ. तरुणपणी पैलवान, कान मोडलेले, आणि आता तालुक्यातल्या निम्म्या जत्रांच्या कुस्त्यांना पंच म्हणून मान त्यांचा. सगळे त्यांना अध्यक्षच म्हणतात. संगणकाशी त्यांचा संबंध मोबाईलपुरता, पण मन मोठं. बक्षीस म्हणून त्यांनी चांदीची गदा जाहीर केली. प्रोग्रॅमला गदा! मी हसू दाबून आभार मानले.

मग नियमांची बैठक झाली. माझ्या मसुद्यात एक कलम होतं की पटावर तीच मांडणी पुन्हा पुन्हा येऊ लागली तर बाजी बरोबरीत सोडवावी. अध्यक्षांनी तिथं बोट ठेवलं.

"बरोबरी म्हंजी नुरा, मॅडम. लोकं म्हंत्यात, आतनं ठरवूनच आल्ती. आपल्यात निकाली असतीया. एक पडला पायजे."

सरांनी मान डोलावली. मी समजावून पाहिलं की हा खेळ वेगळा आहे, पण मनात म्हटलं, आम्ही मायलेकी इतकी वर्षं खेळतोय, असं एकदाही झालेलं नाही, कशाला वाद घाला? आपल्याला लवकर सुटायचंय. आणि माझ्याच पेनानं मी ते कलम खोडलं.

बाकीचे खिळे मी स्वतः ठोकले. चालत्या बाजीला माणसानं हात लावायचा नाही, कारण आदल्या वर्षी प्रश्नमंजूषेत पंचांवर आरोप झाले होते. बाजी सोडायची तर ज्याचा प्रोग्रॅम त्यानंच सोडायची. आमची मशीनं जुनी, मध्येच अडखळतात, म्हणून वेळेची मर्यादा पूर्ण बाजीला न घालता एकेका चालीला घातली. वीज जाते म्हणून हट्टानं जनरेटर मागवला. सगळं नेटवर थेट दाखवायची सोयही केली, म्हणजे कुणाला संशय नको. किती हुशार मी!

लेकीनं हौसेनं गोचा प्रोग्रॅम लिहिलाय हे सरांना माझ्याच तोंडून कळलं होतं. प्रवेशिका कमी पडायला लागल्या तसे ते म्हणाले, तिचाही घ्या. मी नको म्हटलं, दोनदा नको म्हटलं, लोक बोलतील. त्यावर सर म्हणाले, पंच माणूसच नाही तर लोक काय बोलणार? तिला विचारलं तर ती उड्या मारायला लागली. कधी नव्हे ते फोनवर अर्धा तास बोलली. चार महिने रात्रंदिवस त्यात डोकं घालून बसली होती पोर. मग माझ्याच्यानं नाही म्हणवेना.

शनिवार छान गेला. मुलं आली, प्रोग्रॅम चढले, पडद्यावर सोंगट्या उमटत राहिल्या. लेक आली नव्हती, तिची परीक्षा तोंडावर होती, ती पुण्यातून नेटवर बघत होती. एकेक करत तिचा प्रोग्रॅम सगळ्यांना हरवत गेला आणि मी पंचाचा चेहरा करून आतल्या आत पेढे वाटत होते. रविवारी सकाळी अंतिम बाजी. समोर नाशिकच्या एका तरुणाचा प्रोग्रॅम, तोही तगडा.

दुपार व्हायच्या आधीच माझ्या लक्षात आलं की मघाशी पाहिलेली मांडणी मी पुन्हा पाहतेय. गोमध्ये एक बंधन असतं. तुम्ही एका ठिकाणी माझी एक सोंगटी उचललीत की मी लगेच तिथंच तुमची उचलायची नाही, आधी दुसरीकडे एक चाल खेळून यायचं. नाहीतर दोघं एकाच जागी जन्मभर उचलाउचली करत बसतील. पण इथं अशा तीन जागा एकदम तयार झाल्या होत्या. एकीकडे मनाई, तर दुसरीकडे उचल. तिथं मनाई झाली, तर तिसरीकडे. तोवर पहिलीकडची मनाई उठलेली. सहा चाली झाल्या की पट जिथल्या तिथं, आणि पुन्हा पहिल्यापासून. यातून बाहेर पडेल त्याच्या सोंगट्यांचा मोठा गट मरणार, म्हणून दोघांतला एकही बाहेर पडेना. दोन्ही प्रोग्रॅमचं काहीच चुकत नव्हतं. तेच तर दुर्दैव. मी खोडलेलं कलम असतं तर बाजी तिथंच संपली असती, आणि संध्याकाळी सही घेऊन मी घरी गेले असते.

मी सरांकडे गेले. त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. बिघडलं नाही हे कळल्यावर ते जास्त घाबरले. मी म्हटलं, बरोबरी जाहीर करू. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, तुमच्याच मुलीची बाजी, आणि तुम्हीच बरोबरी देणार? आणि गदा एकच आहे, मॅडम. नाशिकच्या तरुणाला मी विचारलं, तू सोडतोस का? तो अदबीनं म्हणाला, आधी तुमच्या मुलीला विचारा ना. बरोबरच होतं त्याचं. दुपारच्या गाडीनं तो निघून गेला, त्याचा प्रोग्रॅम इथंच फिरत राहिला. सर शेवटी म्हणाले की निकाली ठरवलीय अध्यक्षांनी, तेच काय म्हणतील ते. आणि निकालाशिवाय मी सही कशी करू, तुम्हीच सांगा.

अध्यक्षांचा फोन लागेना. ते वेल्ह्याकडच्या एका गावच्या जत्रेत पंच होते, आणि त्या खोऱ्यात आत गेलं की रेंज जाते. बसून काय करणार? मी नसरापूरपर्यंत एसटीनं गेले आणि तिथून वडापच्या जीपमध्ये बारा बायाबापड्यांच्या मांडीला मांडी लावून मार्गासनीच्या पुढे. तालुक्याचं नाव सरकारनं बदललंय, पण ड्रायव्हर वेल्हं, वेल्हं असंच ओरडत होता. चैत्राचं ऊन. कॉलेजची इस्त्रीची साडी घामानं अंगाला चिकटलेली, आणि एका मोकळ्या वावरात हजारभर पुरुषांच्या गर्दीत बाई म्हणून मी एकटी. हलगी कडाडत होती. लोक आपोआप बाजूला होऊन वाट देत होते, त्याचीच मला जास्त लाज वाटत होती.

मी स्टेजजवळ पोचले तेव्हा आखाड्यात एक जोड कितीतरी वेळ अडकून पडली होती. दोघंही मातीनं माखलेले, एकमेकांच्या मानेवर हात, कुणीच हलेना. अध्यक्ष खाली उतरले, दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि कुस्ती सोडवली. दोघांना निम्मं निम्मं बक्षीस. लोकांनी थोडी हुल्लड केली आणि गप्प बसले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं काम! मी त्यांना सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आत्ता तुम्ही सोडवलीत तशीच आमची सोडवा.

अध्यक्षांच्या हातात माईक होता. तो त्यांनी बाजूला केला नाही.

"मंडळी, कालिजात मशीनची कुस्ती लागलीया. मॅडम इचारत्यात, बरोबरीत सोडवू का?"

हजार गळ्यांतून एकच आवाज आला, न्हाई, निकाली! शिट्ट्या, हलगी, फेटे उडाले. त्यातल्या एकालाही गो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी हात जोडून म्हटलं, अहो, पण आत्ता तर तुम्ही सोडवली. अध्यक्ष हसले, अगदी प्रेमानं हसले.

"त्यांला दम लागतो, मॅडम. तुमच्या मशीनला काय लागतंय?"

त्यांनी मला नारळ दिला, शाल दिली, बायामाणसानं जत्रेला येऊन मान दिला म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि पुढची जोड पुकारली. माझा संताप संताप झाला. ती शाल मी जीपमध्येच विसरून आले, आणि खरं सांगायचं तर विसरले नव्हते.

परत येताना हायवेच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन उतरलं होतं. फोनला रेंज आली आणि लेकीचे चुकलेले कॉल एकामागून एक आदळले. मी फोन लावला. तिला सगळं ठाऊक होतं, सकाळपासून ती तेच बघत होती, आणि सोमवारचंही तिला ठाऊक होतं.

"आई, मी माझा प्रोग्रॅम मागे घेते. एक बटण दाबायचंय. तू सही घे आणि ये."

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, सकाळपासून ती असं म्हणेल म्हणून मी आशेला लागले होते. आणि ती म्हणाली तेव्हा मात्र मला माझीच ती चहाची बैठक आठवली. सगळे शांत, समजूतदार, आणि मी म्हणतेय, राहते ना मी, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं म्हणता म्हणता माझे केस पांढरे झाले. वीस वर्षांची माझी पोर तसंच, त्याच सुरात, एक बटण दाबायचंय म्हणत होती.

"नाही," मी म्हटलं. "तू सोडायची नाहीस. एकदा माझ्यासाठी सोडलीस की सवय लागते, मला लागली तशी. तू हात लावलास तर मी पुण्याला पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

ती नुसतं हं म्हणाली, लहानपणी म्हणायची तसं. तेवढ्यात स्वारगेटची गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं शिवरे, पुणे म्हणून पुकारा केला, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यानं बेल मारली. समोरच्या बाजूला जाऊन मी भोरची गाडी धरली आणि सगळ्या वाटेत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

सोमवारी लॅबमध्ये मी त्या पडद्यासमोर बसून होते. वर डावीकडे, उजवीकडे, खाली. वर डावीकडे, उजवीकडे, खाली. काळी उचलली, पांढरी उचलली. सर मधूनमधून दारातून डोकं घालून विचारायचे, चालू आहे? मी म्हणायचे, चालू आहे. पुण्याला फोन करून एक दिवस मागितला. तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या की आमच्या हातात नाही हो, कार्यालय बंद होईपर्यंत बघा. बारा-साडेबाराला वीज गेली. पंखे थांबले, आणि माझं काळीज एवढ्या जोरात उडालं की मी खुर्चीवरून उठलेच. लगेच अंगणातला जनरेटर धडधडायला लागला आणि पडद्यावर पुढची सोंगटी उमटली. मीच मागवला होता ना, हट्टानं.

प्लग उपटून टाकावा असं शंभरदा मनात आलं. पण मीच लिहिलं होतं की खंड पडला तर बाजी त्याच जागेवरून पुढे चालू करायची, आणि नेटवर नाशिक बघत होतं, पुणे बघत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. चार वाजता मी पर्स उचलली, परत ठेवली. चारला निघून तरी काय, हातात सही नाही. पुण्याचं कार्यालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तरी मला कळलंच. मी उठून तोंड धुतलं आणि लॅबला कुलूप लावलं. आत ते दोघं खेळत राहिले.

मंगळवारी सकाळी अध्यक्ष कॉलेजात आले. स्पर्धेसाठी नाही, कुणाच्या तरी भाच्याच्या प्रवेशासाठी. सर वर्गावर होते म्हणून लॅबमध्ये पंख्याखाली येऊन बसले, रुमालानं मान पुसली आणि पडद्याकडे पाहिलं.

"आजून ह्येच चाललंय व्हय? मग सोडवा की. दोघांलाबी द्या, म्या आनिक येक गदा सांगतो."

आणि मोबाईल कानाला लावून भाच्याविषयी बोलायला लागले. हजार माणसांसमोर जे जमलं नाही ते पंख्याखाली, दोन माणसांत, सहज झालं. रविवारी मी त्यांना माईकपासून चार पावलं लांब नेऊन विचारलं असतं तर? रागवायचं कुणावर तेच कळेना. सर धावत आले, बरोबरी जाहीर झाली, टाळ्या झाल्या. दिल्या शब्दाप्रमाणे त्यांनी तासाभरात माझी कार्यमुक्ती टाइप करून सहीसकट हातात ठेवली आणि पुन्हा एकदा अभिनंदन केलं. मी पुण्याला फोन लावला. पुढच्या उमेदवार सकाळीच रुजू झाल्या होत्या.

मग मला सरांकडे जाऊन सांगावं लागलं की ते फाडून टाका. त्यांनी फाडलं, नीट चार तुकडे करून टोपलीत टाकलं, आणि खरोखर मनापासून म्हणाले, बरंच झालं, तुमच्याशिवाय लॅब कोण बघणार होतं?

दुपारी मी लेकीला फोन केला. मनात एक वेडी आशा होती की तिला निदान बरं वाटेल. मी म्हटलं, बरोबरी झाली, तुझी बाजी तुझीच राहिली, कुणी म्हणणार नाही की तू सोडलीस. पुण्याचंही सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली. मी तिला असं चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं.

"मला गदा नको होती, आई. मला तू हवी होतीस. आणि बाजी माझी होती. सोडायची की नाही ते मी ठरवणार होते. तू कोण ठरवणारी?"

मी म्हणायला गेले की तुझ्याच भल्यासाठी गं. तोंडापर्यंत आलं, आणि हे वाक्य मी कुठं कुठं ऐकलंय ते आठवून तिथंच थांबलं. तिनं फोन ठेवला. मी शनिवारी येते म्हणायच्या आत ठेवला.

संध्याकाळी मी भात लावला, न जेवताच झाकून ठेवला आणि आठ वाजता सवयीनं पट उघडला. ती येईल असं वाटत नव्हतं. पण आली. नमस्कार नाही, काही नाही. काळ्या माझ्याकडे होत्या, पहिली चाल माझी. मी नेहमीच्या कोपऱ्यात सोंगटी ठेवली आणि वाट बघत बसले. आज ती रागात आहे, म्हणजे सरळ अंगावर येणार, असं म्हणून मी पुढचे डाव मनात मांडायला लागले. तिनं सोंगटी ठेवलीच नाही. पडद्यावर ओळ उमटली की समोरच्यानं बाजी सोडली आहे, तुम्ही जिंकलात. पटावर माझी एकटी काळी सोंगटी.

त्याखाली तिचा निरोप आला, "सोडली मी. आता ये."

कुकर निवला होता, शेजारच्यांच्या टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. मी लिहिलं, शनिवारी येते.